एका जुन्या टेंडरचा जीर्णोद्धार

मागे माल ठेवण्याचा उघडा हौदा असलेल्या लहान मोटारीला या देशात सर्व लोक 'टेंडर' म्हणतात. शब्द मूळचा इंग्रजी. ब्रिटिश अमलात तो येथे रुजला आणि इंग्रज गेल्यावरही हिब्रू बोलण्यात राहिला. आमचे दिवंगत वडील मुंबईस परळच्या रेल्वे वर्कशॉपात वेल्डर होते. त्यांच्या लेखी टेंडर म्हणजे वाफेच्या इंजिनामागे जोडलेला कोळशापाण्याचा डबा. १९६९ साली एके संध्याकाळी त्यांनी अश्दोदच्या घरी येऊन "आज मी टेंडर घेतले" असे जाहीर केले, तेव्हा मातोश्रींना तिसराच अर्थ लागला. बंदरातले एखादे कंत्राट मिळाले असे समजून त्यांनी शेजारच्या घरी साखर पाठविली. वडील त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला एक पाच वर्षांची जुनी सुसिता पिकअप उभी होती, आणि तिच्या हौद्यात पूर्वीच्या मालकाने सोडलेल्या कोंबड्यांच्या दोन रिकाम्या खुराड्या होत्या.

हीच सुसिता गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघे बंधू आणि आमचा भाचा अशा तिघांनी पुन्हा चालती केली. आपल्या समाजातील काही घरांच्या मागे, मोशावातील ओळखीच्यांच्या गोठ्यांत, अशी एखादी जुनी गाडी अजून पडून असेल. म्हणून या कामात काय करावे लागले, काय चुकले आणि कोठे आमचा आपसांत वाद झाला, हे वाचकांपुढे सविस्तर मांडीत आहोत.

तरुण वाचकांना सुसिता हे नाव बहुधा विनोदांतूनच ठाऊक असेल. उंट ही मोटार खातात, हा त्यांपैकी सर्वांत जुना विनोद. परंतु ज्यांनी ती बनविली त्यांचे धाडस थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. हैफात १९५१ पासून कैसर या अमेरिकन कंपनीच्या मोटारी जोडल्या जात होत्या. तथापि त्या बाहेरच्याच. १९५७ साली यित्झाक शुबिन्स्की यांनी त्याच शहरात 'ऑटोकार्स' ही कंपनी काढली आणि इंग्लंडातील टॅमवर्थ गावच्या रिलायंट कंपनीशी करार केला. रिलायंटचा हातखंडा म्हणजे फायबरग्लासच्या, अर्थात काचेचे तंतू रेझिनमध्ये बुडवून केलेल्या, अंगाच्या लहान मोटारी. पोलादी पत्र्याचे अंग दाबून काढावयाचे तर त्यासाठी अवाढव्य यंत्रे व महागडे साचे लागतात. लाखभर गाड्या विकल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला लाकडाचा किंवा फायबरचाच साचा पुरतो, आणि काम हाताने होते. नुकत्याच उभ्या राहिलेल्या, परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हे परवडण्यासारखे होते.

१९६० च्या सुमारास सुसिता बाजारात आली. किन्नेरेत सरोवराच्या पूर्वेच्या डोंगरावर एका प्राचीन नगराचे अवशेष आहेत. ग्रीक लोक त्याला 'हिप्पोस' म्हणत, म्हणजे घोडा; अरामी भाषेत तेच 'सुसिता', म्हणजे घोडी. त्या नगराचे नाव मोटारीला दिले गेले. त्याच कारखान्याने 'साब्रा' नावाची दोन आसनांची क्रीडामोटार १९६१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. पुढे 'कार्मेल' व 'गिल्बोआ' आल्या. प्रारंभी इंजिने इंग्लंडच्या फोर्डची असत, नंतर ट्रायम्फची. १९७० च्या दशकाच्या आरंभी कंपनी दिवाळखोरीत गेली, कारखाना एकाकडून दुसऱ्याकडे फिरला, 'रोम' या नव्या नावाने काही वर्षे गाड्या निघाल्या, आणि १९८० च्या दशकाच्या तोंडावर सारे थांबले. योगायोग असा की याच रिलायंट कंपनीची एक छोटी फायबरची मोटार १९८० च्या दशकात बंगळूरला 'डॉल्फिन' या नावाने तयार होऊ लागली. मुंबईस राहिलेल्या आमच्या आतेबंधूंनी ती पाहिली, आणि "तुमच्या बाबांच्या गाडीची धाकटी बहीण इकडे आली आहे" असे पत्रातून कळविले होते.

उंटांविषयी एवढेच सांगतो, की आमच्या गाडीचे अंग कोणत्याही उंटाने खाल्ले नव्हते. उंदरांनी मात्र तारांवरचे कापडी वेष्टण साफ केले होते.

वडिलांनी ही गाडी जशी घेतली तशी एक महिनाही ठेवली नाही. बंदरातील नोकरी सांभाळून शुक्रवारी पहाटे भाजी आणावयाची, आणि समाजात कोणाकडे लग्न, मेहंदी वा मलिदा असला की पोह्यांची पोती, नारळ व मोठाली तपेली पोहोचवावयाची, हा त्यांचा जोडधंदा. त्यासाठी त्यांनी हौद्यावर ताडपत्रीकरिता लोखंडी नळीच्या तीन कमानी बसविल्या. मागच्या कमानपाट्यांत एक-एक पाटा वाढविला. हौद्यात लाकडी फळ्या घातल्या. मागचा फाळका खाली पडला की साखळ्यांवर आडवा राहील अशी सोय केली; त्यावर बसून आम्ही भावंडे लिंबाच्या पेट्या मोजीत असू. गाडी मूळची फिक्कट पांढुरकी होती, ती त्यांनी हिरवी केली. आज ज्याला इंग्रजीत 'कस्टम' करणे म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक हजारो शेकेल मोजतात, ते त्यांनी गरजेपोटी व मिळेल त्या सामानातून केले होते.

१९७३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले तेव्हा इतर अनेक टेंडरांप्रमाणे हीही सैन्याने मागून घेतली. काही आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा उजवा दरवाजा चेपलेला नव्हता, कारण फायबर चेपत नाही. तो तडकला होता. दिव्यांच्या काचा अंधारबंदीसाठी निळ्या रंगविलेल्या होत्या. तो रंग वडिलांनी पात्याने खरवडून काढला. या वेळी दिव्यांच्या कड्या उघडल्या तेव्हा कडीखाली, जेथे पाते पोहोचले नाही तेथे, निळ्या रंगाची बारीक रेघ अजून होती. ती आम्ही तशीच ठेविली आहे. कडी बसविल्यावर ती दिसत नाही, आणि दिसण्याची आवश्यकताही नाही.

१९८४ नंतर गाडी चालली नाही. वडिलांच्या एका स्नेह्यांच्या मोशावातील शेडमध्ये ती गवताच्या गाठींमागे उभी राहिली. १९९६ साली वडील गेले. २०२१ साली स्नेह्यांच्या मुलाने ती शेड पाडावयास काढली आणि "महिन्याभरात नेली नाही तर भंगारवाल्यास देतो" असा निरोप पाठविला. निरोप रास्तच होता. सदतीस वर्षे त्यांनी भाडे न घेता जागा दिली होती.

गाडी घरी आली आणि त्याच संध्याकाळी वादास तोंड फुटले.

थोरले बंधू सरळमार्गी. त्यांचे म्हणणे असे, की जीर्णोद्धार करावयाचा तर कारखान्यातून निघाली तशी करावी. कमानी काढाव्या, जादा पाटे काढावे, रंग मूळचा द्यावा. तशा गाडीला संग्राहकांत मान असतो. तीस वर्षे उलटलेल्या मोटारीला या देशात संग्राहकाचे वाहन म्हणून वेगळा परवाना मिळू शकतो, आणि अशा मोटारी जपणाऱ्यांचे 'मोआदोन हा-हमेश' हे मंडळ आहे, ही माहिती त्यांनी आधीच काढून ठेविली होती. आमचा भाचा तिशीतला, येथे जन्मलेला आणि मोटारदुरुस्तीच्याच व्यवसायात असलेला. त्याने अमेरिकेतील गाड्यांची चित्रे दाखविली. तेथे १९४७ ते १९५५ च्या शेव्हरोलेट पिकअप किंवा १९५३ ची फोर्ड एफ-१०० घेऊन लोक त्यांचा टप कापून बुटका करतात, चॅसी जमिनीलगत आणतात, आत आठ सिलिंडरचे नवे इंजिन व स्वयंचलित गिअर घालतात, आणि आरशासारखा रंग देतात. "मामा, खाली सगळे जपानी घालू, वर फक्त सुसिता ठेवू," असे तो म्हणाला.

आम्हांस दोन्ही पटले नाही, पण आपणांस काय हवे तेही नीट सांगता येईना. कारखान्यातून निघालेली सुसिता आमच्यापैकी कोणी कधी पाहिलीच नव्हती. ती त्या कोंबड्यांच्या मालकाची होती. आणि आत सर्व जपानी व वरून सुसिता, म्हणजे सोंगच. मातोश्रींना विचारले. त्या नव्वदीच्या आहेत, कानांनी कमी ऐकतात, परंतु प्रश्न त्यांना बरोबर कळला. "कमानी काढल्या तर ताडपत्री कशावर घालणार? पोहे भिजतील," एवढेच त्या बोलल्या.

तेव्हा असे ठरविले, की आधी उघडून पाहावे. रंगाचे आणि कमानींचे नंतर.

इंजिनाचे काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. इंग्लंडमध्ये फोर्ड अँग्लिया या मोटारीत बसे त्याच घराण्यातील हे चार सिलिंडरचे इंजिन आहे, आणि अँग्लियाचे चाहते तिकडे पुष्कळ असल्याने पिस्टनच्या कड्यांपासून गॅस्केटपर्यंत सारे टपालाने मिळते. मात्र एक सूचना अवश्य करतो. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीस बॅटरी जोडून किल्ली फिरविण्याचा मोह कोणी धरू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे, आणि मग पान्याने हळूहळू हाताने फिरवून पाहावे. कड्या आत गंजून चिकटल्या असतील तर स्टार्टरच्या एका झटक्यात त्या मोडतात. टाकीतील जुने पेट्रोल लाखेसारखे घट्ट झालेले असते. ते कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ देऊ नये. जुनी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालण्यासाठी बनविलेली असल्याने व्हॉल्व्हची बैठक झिजू नये म्हणून डोक्यात कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे चांगले. आम्ही त्या बसविल्या.

पान्यांची मात्र गंमत झाली. गाडीचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे, भाच्याची हत्यारे मिलिमीटरची. वडिलांची मुंबईहून आणलेली लाकडी पेटी काढली, तर तीतील पाने व्हिटवर्थ मापाचे, जे त्या काळी रेल्वेत चालत. तेही इंचाचेच, पण मोजण्याची रीत निराळी. एखाददुसरा पाना जवळपास बसे, बाकीचे निसटत. नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले की वडिलांनी त्यांपैकी चार पान्यांची तोंडे कानशीने घासून या गाडीपुरती मोठी करून घेतली होती. बाकीचे पाने आम्ही विकत घेतले. ते चार आजही वापरात आहेत.

आता चॅसीकडे वळतो, कारण खरे संकट तेथेच होते.

फायबरचे अंग गंजत नाही, म्हणून पुष्कळांची अशी समजूत असते की सुसिता गंजत नाही. वास्तविक अंगाखाली लोखंडी चॅसी असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. वरचे अंग न गंजता चकचकीत राहते, आणि म्हणूनच खाली काय चालले आहे ते कळत नाही. अश्दोदची हवा खारी. डाव्या तुळईवर, मागच्या कमानपाट्याचे पुढले टोक जेथे अडकते त्या जागी, वडिलांनी एक जाड पट्टी वेल्ड केलेली होती. जादा पाटे घातल्यामुळे जादा माल भरला जाई, आणि जादा मालाने १९७६ साली तुळई तेथेच तडकली होती. वेल्डिंग काय सुरेख होते! माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सारखी लहर. थोरल्या बंधूंनी त्यावरून बोट फिरविले आणि "हे राहील," म्हणाले.

भाच्याने पट्टीच्या खालच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि तो आत गेला. मुठीपर्यंत गेला.

पट्टी शाबूत होती. तिच्या मागची मूळ तुळई पापुद्र्यासारखी सुटत होती. कारण असे, की एका पत्र्यावर दुसरा पत्रा ठिगळासारखा ठेवला की दोहोंमध्ये केसाएवढी फट राहते; ती ओल ओढून घेते आणि सोडीत नाही. वडिलांची पट्टी तीन बाजूंनी वेल्ड केलेली होती, खालची बाजू उघडी. तेथून चाळीसहून अधिक वर्षे खारी ओल वर चढत राहिली. खरी रीत अशी, की कुजलेला भाग चौकोनी कापून काढावा, त्याच जाडीचे नवे पोलाद त्या भोकात कडेस कड भिडवून वेल्ड करावे, आतून गंजरोधक रंग व मेण सोडावे. ठिगळावर ठिगळ लावू नये. म्हणजे ज्या दुरुस्तीचे आम्ही कौतुक करीत होतो, तिनेच तुळई खाल्ली होती. आणि ती तशीच ठेवून मातोश्रींना किंवा कोणालाही त्या गाडीत बसविणे हा अपराध ठरला असता.

हे घरी सांगावयाचे कसे, यातच आमचा एक आठवडा गेला. वडिलांच्या हाताची एवढी एकच वस्तू आता उरली आहे, असे थोरल्या बंधूंचे म्हणणे. शेवटी शब्बाथनंतरच्या रात्री चहा घेताना मातोश्रींना सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "ती रात्र मला आठवते. दिवा मीच धरला होता. दुसऱ्या दिवशी लोदला लग्न, तपेली न्यायची होती. खाली आडवे झाले तर हात पोहोचेना, रॉडही संपले. म्हणाले, हे तात्पुरते आहे, पुढच्या आठवड्यात नीट करतो."

पुढचा आठवडा आला नाही. प्रत्येक आठवड्यात कोठेतरी लग्न होते.

कापावयाचे ठरले. फायबरचे अंग वर असताना चॅसीवर वेल्डिंग करणे धोक्याचे, कारण रेझिन पेट घेते. म्हणून अंग उचलून बाजूला ठेवणे भाग होते. बोल्ट गंजून एकजीव झालेले. बावीसांपैकी चौदा कापावे लागले. एका शुक्रवारी सकाळी आपल्या समाजातील शेजारी बंधू आले, आठ जणांनी चार कोपऱ्यांना हात घातला, आणि केबिन अशी सहज उचलली गेली की एका वृद्ध गृहस्थांनी "अरे, ही तर लग्नातल्या मांडवाहून हलकी!" असे उद्गार काढले. त्यांच्या लग्नाची तपेली याच गाडीतून गेली होती. कटर थोरल्या बंधूंच्या हाती होता. त्यांनी तो भाच्याकडे दिला आणि ते चहा आणण्यास आत गेले.

नवा तुकडा भाच्यानेच वेल्ड केला. त्याची लहर आजोबांएवढी सुरेख नाही, पण कडेस कड आहे. कापून काढलेली पट्टी घासून, रंगवून आम्ही आसनाखालच्या पेटीत ठेविली आहे. मऊ जमिनीवर जॅकखाली ठेवण्यास ती चांगली उपयोगी पडते.

फायबरच्या कामाविषयी थोडे लिहावयास हवे, कारण पत्र्याचे काम जाणणारे मिस्त्री येथे पुष्कळ, फायबरचे थोडे. तडा गेलेल्या जागी वरून लांबी भरून रंग दिला तर सहा महिन्यांत तीच रेघ पुन्हा वर येते. तडा दोन्ही बाजूंनी घासून उतरता करावा लागतो, इतका की मधली कड सुरीच्या धारेसारखी पातळ व्हावी. मग मागच्या बाजूने काचतंतूंचा गालिचा रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यावयाचे, हवेचे बुडबुडे ब्रशने ठोकून बाहेर काढावयाचे, आणि नंतर पुढून तसेच. रंग काढण्यास पत्र्यासाठी वापरतात ती तेजाबी रसायने येथे चालत नाहीत. ती अंगातही शिरतात. पॉलिश कागद आणि हात, दुसरा उपाय नाही. काचेची धूळ अंगावर बसली की रात्रभर खाज सुटते. फुप्फुसांत जाऊ नये म्हणून चांगला मुखवटा हवा, साधा रुमाल पुरत नाही.

रेझिनमध्ये हार्डनर मिसळण्याचे प्रमाण वजनाने शेकडा एक ते दोन. उन्हाळ्यात कमी, थंडीत अधिक. आम्ही ऑगस्टच्या दुपारी अंदाजाने मिसळले. पाच मिनिटांत बादलीतून धूर निघाला, बादली वितळून वाकडी झाली, आणि ब्रश त्यात कायमचा उभा राहिला. त्यानंतर आम्ही पहाटे पाच वाजता काम करू लागलो आणि मातोश्रींचा स्वयंपाकघरातील तराजू वापरू लागलो. तो तराजू आता त्यांना परत नको आहे.

फायबरच्या गाडीचा आणखी एक विशेष म्हणजे तिचे अंग वीज वाहून नेत नाही. पोलादी मोटारीत दिव्याला एकच तार जाते. परतीची वाट अंगातूनच असते. येथे प्रत्येक दिव्याला परतीची तार वेगळी ओढून चॅसीला जोडावी लागते. सुसिताचे दिवे मंद, अशी जुनी तक्रार असे. तिचे मूळ बहुतेक वेळा या परतीच्या गंजलेल्या सांध्यांत असते, असा आमचा अनुभव. वडिलांनी यावर तोडगा काढलेला आढळला. डॅशबोर्डामागे त्यांनी पितळेची एक लांब पट्टी बसवून सर्व परतीच्या तारा तिच्यावर आणल्या होत्या आणि तेथून एक जाड तार चॅसीला दिली होती. उंदरांनी तारा खाल्ल्या, पितळ खाल्ले नाही. नव्या तारा आम्ही त्याच पट्टीवर आणल्या. या वेळी भाच्याने काही न बोलता तिचे छायाचित्र काढून आपल्या गॅरेजातील सहकाऱ्यांस पाठविले.

असे करीत करीत वाद आपोआपच निकालात निघाला. बैठक घेऊन नव्हे, तर एकेका वस्तूपाशी थांबून. ठिगळ गेले, पितळी पट्टी राहिली. जादा पाटे काढले, कारण चॅसी त्यांनीच तडकली होती. कमानी राहिल्या. भाच्याच्या हट्टाने ठिणगीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, आणि आसनांस पट्टे आले. त्यांच्या खिळी नुसत्या फायबरात न बसविता खाली पोलादी पट्ट्या देऊन चॅसीला धरल्या. रुंद चाके आली नाहीत. रंग घासताना थर कांद्यासारखे निघाले. हिरवा, त्याखाली कोठे कोठे मातकट, त्याखाली पांढुरका. थोरल्या बंधूंचा मान राखून दरवाजांच्या आतल्या बाजूस मूळचा पांढुरका दिला, बाहेरून हिरवा. हिरव्याची छटा जुळविण्यास मातोश्रींना रंगाच्या दुकानात नेले होते. दुकानदाराने सात पट्ट्या दाखविल्या. त्यांनी सर्व नाकारून आपल्या पिशवीतून एक जुना डबा काढला, ज्याच्या झाकणावर तोच रंग वाळलेला होता. त्या डब्यात त्या मेथ्या ठेवीत.

वार्षिक टेस्टला गाडी पहिल्या वेळी नापास झाली. हँडब्रेक एका चाकावर अधिक व दुसऱ्यावर कमी धरीत होता. तपासनीस तरुण होता, त्याने बॉनेटवर टिचकी मारून पाहिली, आणि "उंट कोठे आहे?" असे विचारले. विनोद जुना असला तरी आम्ही हसलो. ड्रम काढून घासले, केबल बदलली, आठवड्याने पास झाली.

पहिल्या फेरीस मातोश्री पुढे बसल्या. बंदराच्या रस्त्याने जाऊन परत आलो, सारे मिळून अर्धा तास. वाटेत त्या फारसे बोलल्या नाहीत. एका वळणावर मात्र "येथे ते नेहमी गिअर उशिरा बदलीत," म्हणाल्या. घरी उतरल्यावर त्यांनी फाळका उघडण्यास सांगितले, साखळ्या ओढून पाहिल्या, आणि हौद्यात फळ्या अजून का घातल्या नाहीत अशी विचारणा केली. त्या आता घातल्या आहेत.

अद्याप दोन वस्तूंची उणीव आहे. डाव्या दरवाजाची आतली मूठ तात्पुरती दुसऱ्याच मोटारीची बसविली आहे, आणि मागच्या उजव्या दिव्याची काच तडकलेली आहे. १९६० च्या दशकातील सुसिता किंवा कार्मेल कोणा वाचकाच्या अंगणात वा ओळखीच्या मोशावात पडून असल्यास त्यांनी या पत्रिकेच्या संपादकांकडे निरोप ठेवावा. वस्तू नेण्यासाठी आम्ही टेंडर घेऊनच येऊ.